जुन्या बेसबॉल कार्डांचे छपाईभेद : भेद कशाला म्हणावे, दोष कशाला, आणि प्रतवारी नेमकी कशाची?

एडिसनकर (धागाकर्ता)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीत येऊन मला चौदा वर्षे झाली. लहानपणी काडेपेट्यांची लेबले आणि टपाल तिकिटे जमवण्याचा नाद होता, तोच इकडे आल्यावर जुन्या बेसबॉल कार्डांकडे वळला. खेळ मला उशिरा कळला, कागद मात्र आधीपासून कळत होता, आणि म्हणूनच असेल, खेळाडूच्या विक्रमांपेक्षा त्याचे कार्ड छापले कसे गेले याचीच ओढ मला अधिक वाटते. एकाच वर्षाचे, एकाच क्रमांकाचे, एकाच खेळाडूचे कार्ड दोन वेगळ्या रूपांत सापडते तेव्हा त्यामागे छापखान्यात घडलेले काहीतरी असते, आणि ते पन्नास-साठ वर्षांनंतरही हातातल्या पुठ्ठ्यावरून ओळखता येते. या रूपांना इकडे व्हेरिएशन म्हणतात. मी या धाग्यात त्यासाठी ‘छपाईभेद’ हा शब्द वापरतो.

धागा काढण्याचे निमित्त एका कार्डाचे आहे. बेसबॉल कार्डे काढणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९६९ सालच्या संचात समोरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एक रंगीत वर्तुळ असते आणि त्यात खेळाडूचे नाव व मैदानावरची जागा छापलेली असते. या संचातल्या २३ कार्डांवर एरवी पिवळी असणारी काही अक्षरे पांढरी सापडतात. मिकी मँटलचे ५०० क्रमांकाचे कार्ड त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि त्याचे पांढऱ्या अक्षरांचे रूप माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. विली मकोव्हीचे ४४० क्रमांकाचे कार्ड मात्र जमण्यासारखे होते. गेल्या हिवाळ्यात एका सभागृहात भरलेल्या कार्डांच्या बाजारात ते मला दिसले. आडनावाची अक्षरे पांढरी होती, विक्रेत्यानेही तसेच सांगितले, आणि मी साध्या कार्डाच्या कित्येक पट किंमत मोजून ते घेतले.

पुढे ते एका प्रतवारी करणाऱ्या, म्हणजे कार्ड तपासून त्याच्या स्थितीला १ ते १० पैकी आकडा देणाऱ्या, कंपनीकडे पाठवले. अडीच महिन्यांनी ते प्लॅस्टिकच्या सीलबंद कवचात परत आले. लेबलवर वर्ष, कंपनी, खेळाडू, क्रमांक आणि ‘५’ हा आकडा होता. पांढऱ्या अक्षरांचा उल्लेख कुठेही नव्हता. मी लेखी विचारणा केली तेव्हा तपासनिसांचा निर्णय अंतिम असतो, एवढेच उत्तर आले. निर्णय चुकीचा असेलच असे मी म्हणत नाही, पण त्याचे कारण मला समजून घ्यायचे आहे. छपाईभेद कशाला म्हणायचे हे कोण ठरवते, तो ओळखायचा कसा, आणि प्रतवारीच्या आकड्याशी त्याचा संबंध काय, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

शिळाछाप

मी पुण्यात ऑफसेट छापखान्यात एकतीस वर्षे काम केले. बेसबॉल कार्डे मी जमवलेली नाहीत, परंतु मुलीकडे बोस्टनला गेलो असताना जावयांच्या संग्रहातली पुष्कळ कार्डे भिंगाखाली पाहिली आहेत. त्यामुळे संग्राहकाचे नव्हे, मशीनवर उभे राहणाऱ्याचे मत मांडतो.

रंगीत छपाई म्हणजे पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा अशा चार शायांची एकावर एक छपाई. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. कार्डे एकेकटी छापली जात नाहीत. मोठ्या तावावर शंभर-सव्वाशे कार्डे एकदम छापतात आणि नंतर ताव कापतात. एवढे ध्यानात ठेवले की कार्डावरच्या कोणत्याही वेगळेपणाला तीनच जागा उरतात. पहिली म्हणजे फिल्म किंवा प्लेट. तिथे कोणी मजकूर बदलला, अक्षर दुरुस्त केले, फोटो बदलला, तर त्या क्षणापासून निघणारा प्रत्येक ताव तसाच निघतो. दुसरी म्हणजे चालू मशीन. शाई कमी-जास्त होते, रजिस्टर (रंगांचे एकमेकांवर नेमके बसणे) हलते, ब्लँकेटवर (छाप कागदावर उतरवणाऱ्या रबरी चादरीवर) धुळीचा कण बसला की छापात पांढऱ्या कड्याचा ठिपका उमटतो आणि पुसून घेतला की जातो. तिसरी म्हणजे छपाईनंतरचे आयुष्य : कटिंग, ओल, ऊन आणि माणसाचे हात.

माझ्या मते पहिल्या जागी झालेला बदल हाच खरा भेद. दुसऱ्या जागचा दोष होय, मग तो पन्नास तावांवर आलेला असो की पाच हजार. तिसऱ्या जागचा ना भेद ना छपाईचा दोष. ती कार्डाची झीज आहे.

आता आपल्या मकोव्हीविषयी. पांढरी शाई म्हणून काही वापरलेलीच नसते; पांढरे अक्षर म्हणजे उघडा राहिलेला पुठ्ठा. वर्तुळाचा रंग छापताना अक्षरांची जागा मोकळी सोडतात आणि तिथे पिवळी प्लेट शाई भरते. पिवळ्या प्लेटवर ती अक्षरे आलीच नाहीत, तर तिथे पुठ्ठा दिसतो. मात्र हाच परिणाम आणखी एका मार्गाने साधतो. पिवळी आणि किरमिजी शाई उजेडाने लवकर उडते, निळी आणि काळी टिकून राहतात. दुकानाच्या दर्शनी काचेत लावलेली जाहिरात दोन वर्षांत निळसर होते ती याच कारणाने. खिडकीजवळ वर्षानुवर्षे ठेवलेल्या कार्डाची पिवळी अक्षरे पांढरी दिसू लागली तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून एक करावे. किमान दहा पटींचे भिंग घ्यावे आणि अक्षरे न पाहता प्रथम खेळाडूचा चेहरा पाहावा. माणसाच्या कातडीचा कोणताही रंग पिवळ्या ठिपक्यांवाचून छापता येत नाही. अक्षरे पांढरी आहेत आणि चेहऱ्यातला पिवळा ठिपका शाबूत आहे, तर प्लेटवरचा फरक मानता येईल. चेहऱ्यातलाही पिवळा फिका पडला असेल, तर उत्तर आपल्याला मिळाले. शेजारी त्याच क्रमांकाचे साधे कार्ड ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावे, ट्यूबलाइटखाली नको. जे दिसेल ते इथे जरूर लिहावे.

पोलर_बेअर

शिळाछाप यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मी त्यात साठ वर्षे मागची भर घालतो, कारण माझा संग्रह १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या टी२०६ या संचाचा आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून आणि तंबाखूच्या पुड्यांतून वाटलेली ही कार्डे. टी२०६ हे नाव तेव्हाचे नाही. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने पुढे कार्डांची जी सूची केली तिच्यात विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘टी’ हे अक्षर दिले आणि या संचाला २०६ हा क्रमांक आला. बर्डिकचा संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

परंपरेने या संचात ५२४ कार्डे मोजतात. परंतु ही संख्या फक्त समोरच्या बाजूची झाली. पाठीवर सिगारेटच्या किंवा तंबाखूच्या छापाची जाहिरात असते, असे सोळा छाप आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पाठीवर मालिकेचा व कारखान्याचा क्रमांकही असतो. छपाईभेदाच्या अभ्यासात ही पाठ म्हणजे दिनदर्शिका आहे. समोर काय बदलले हे चेहऱ्यावरून दिसते, पण केव्हा बदलले हे पाठीवरून कळते.

शेरी मॅगी या फिलाडेल्फियाच्या खेळाडूचे आडनाव इंग्रजीत दोन ‘ई’ लावून लिहितात. पहिल्या छपाईत ते एक ‘आय’ आणि एक ‘ई’ असे पडले आणि लवकरच दुरुस्त झाले. चुकीचे रूप फक्त ‘पीडमाँट १५०’ (पीडमाँट हा सिगारेटचा छाप, १५० हा मालिकेचा आकडा) या पाठीसह सापडते. याचा अर्थ चूक आरंभीच्या छपाईतली आहे आणि दुरुस्ती दगडावर किंवा प्लेटवर केली गेली. जो डॉइलचे उदाहरण याहून दुर्मीळ आहे. बेसबॉलच्या अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन मोठ्या लीग आहेत; तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा, पण शहराच्या दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगच्या संघात लॅरी डॉइल होता. कलाकाराची गफलत झाली आणि जोच्या नावाखाली न्यूयॉर्कसोबत ‘नॅशनल’ची खूण पडली. पुढे ती काढली. खुणेसह असलेली कार्डे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि ती ‘पीडमाँट ३५०’ या पाठीचीच आहेत. रे डेमिट आणि बिल ओ’हारा हे दोघे न्यूयॉर्कहून सेंट लुइसच्या संघांत गेले तेव्हा त्यांच्या कार्डांवर संघाचे नाव बदलले. सेंट लुइसचे रूप फक्त ‘पोलर बेअर’ या तंबाखूच्या पाठीसह मिळते. माझे इथले नाव त्यावरूनच आहे.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. चुकीच्या वर्णलेखनाचे मॅगी कोणी ‘स्वीट कॅपोरल’ या दुसऱ्या छापाच्या पाठीसह विकायला आणले, तर समोरचे अक्षर तपासण्याचीही गरज नाही. साध्या मॅगीचे एक अक्षर खरवडून त्यावर रेघ ओढणारे हात शंभर वर्षांत पुष्कळ झाले. पाठ मात्र इतक्या सहज बदलता येत नाही. त्याचप्रमाणे अस्सल कार्डाच्या खालचे नाव भरीव तपकिरी शाईचे असते. भिंगाखाली ती अक्षरे ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती अलीकडची नक्कल समजावी.

इथे एक महाराष्ट्रातला संदर्भ द्यावासा वाटतो. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथली देवदेवतांची चित्रे आणि टी२०६ ही एकाच तंत्राची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या वेगळ्या छापाने चित्र उभे करणाऱ्या शिळाछपाईची, साधारण एकाच काळातली अपत्ये आहेत. आमच्या कोल्हापूरच्या घरात लक्ष्मीचे जे चित्र होते त्यात ओठांचा लाल रंग ओठांच्या किंचित खाली उतरला होता. टी२०६ मधल्या कित्येक खेळाडूंचे ओठ मला तसेच सरकलेले दिसतात. याला मी भेद म्हणत नाही, रजिस्टर हलल्याची खूण म्हणतो, आणि तरीही अशी कार्डे मला प्रिय आहेत.

तिकीटवाला_नागपूर

कार्डांचा मला अनुभव नाही, परंतु टपाल तिकिटांच्या जगात हा वाद दीडशे वर्षांचा आहे. भारताचे १८५४ सालचे चार आण्यांचे तिकीट लाल आणि निळ्या अशा दोन रंगांत कोलकात्याला शिळाछपाईने छापले गेले. ताव यंत्राखाली दोनदा जायचा. दुसऱ्या वेळी काही ताव उलटे गेले आणि चौकटीत राणीचे डोके उलटे छापले गेले. शिळाछाप यांच्या व्याख्येप्रमाणे इथे दगड बदललेला नाही, चालू छपाईत ताव फिरला, म्हणजे हा नुसता दोष ठरेल. प्रत्यक्षात ते भारतीय तिकिटांतले सर्वांत मोलाचे चुकीचे तिकीट मानले जाते. तेव्हा प्लेट बदलली की नाही या एकाच कसोटीवर सर्व भार टाकता येईल का, हे तपासावे असे मला वाटते.

पुठ्ठापेटी

नागपूरकरांचा मुद्दा रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टॉप्सच्या १९५२ च्या संचात सापडू शकते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मी सॅन होजेला राहते आणि हा एकच संच गेली नऊ वर्षे पूर्ण करते आहे. अजून एकशे बारा कार्डे बाकी आहेत.

संच ४०७ कार्डांचा आहे आणि तो वर्षभर टप्प्याटप्प्याने निघाला. १ ते ८० या पहिल्या टप्प्याच्या पाठी काही लाल तर काही काळ्या शाईत छापल्या गेल्या. ४८ क्रमांकाचा जो पेज आणि ४९ क्रमांकाचा जॉनी सेन यांच्या पाठीवरचे मजकूर एकमेकांत बदलले गेले, आणि ही चूक काळ्या पाठीवरच सापडते. ती ध्यानात आल्यावर दुरुस्त झाली. हा कोणत्याही व्याख्येने भेदच आहे. ३०७ क्रमांकाच्या फ्रँक काम्पोसच्या पाठीवर लाल ताऱ्याच्या जागी काळा तारा असलेली थोडी कार्डे आहेत, आणि तो तारा पाहण्यासाठीही लोक दूरवरून येतात.

पण सर्वांत शिकवणारे उदाहरण शेवटच्या टप्प्याचे, म्हणजे ३११ ते ४०७ या क्रमांकांचे आहे. ही कार्डे मोजली तर ९७ भरतात आणि तावावर जागा होत्या १००. उरलेल्या तीन जागा रिकाम्या सोडण्याऐवजी ३११, ३१२ आणि ३१३, म्हणजे मिकी मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन, यांची कार्डे तावावर दोनदा लावली गेली. एका तावावर मँटल दोन जागी आला, आणि त्या दोन जागांसाठी केलेली मांडणी तंतोतंत एक नव्हती. पाठीवर क्रमांकाभोवती जो चेंडू काढला आहे त्याच्या शिलाईचे टाके एका रूपात एका दिशेला आणि दुसऱ्या रूपात उलट दिशेला वळलेले आहेत. दोन्ही रूपे एकाच तावावर, एकाच दिवशी, बरोबरीच्या संख्येने छापली गेली. इथे चूकही नाही, दुरुस्तीही नाही, तरीही हा प्लेटवरचा फरक आहे आणि म्हणून तो कायमचा आहे.

ज्यांना हे कार्ड इतके महाग का असा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी : शेवटचा टप्पा हंगाम सरत आल्यावर बाजारात आला आणि पुष्कळ माल पडून राहिला. हा संच ज्यांनी आखला त्या साय बर्जर यांनीच पुढे सांगितले की १९६० साली तो उरलेला माल पडावावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये बुडवला गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एसजीसी या प्रतवारी कंपनीने ९.५ प्रत दिलेले मँटलचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलर्सना विकले गेले. एडिसनकरांच्या घरापासून तो समुद्र तासाभराच्या अंतरावर असेल.

आता कसोटीविषयी. माझ्या मते प्रश्न असा विचारावा की हा फरक दुसऱ्या कोणत्याही कार्डावर तसाच्या तसा, त्याच जागी पुन्हा सापडतो का, आणि सापडत असेल तर त्याचे कारण तावाच्या पातळीवर सांगता येते का. उलट्या डोक्याच्या तिकिटाचे कारण सांगता येते. धुळीच्या कणाचे सांगता येत नाही.

डावखुरा

मी थोडा वेगळा विचार मांडतो. टॉप्सच्या १९५८ च्या संचात ४३३ क्रमांकाच्या पांचो हेरेराच्या आडनावातले शेवटचे ‘ए’ हे अक्षर काही कार्डांवर छापलेच गेलेले नाही. ते कोणी मुद्दाम काढले असे कोणीही म्हणत नाही. १९९० च्या संचात ४१४ क्रमांकाच्या फ्रँक थॉमसच्या कार्डावर नावच नाही, आणि संग्राहकांनी ताव जुळवून दाखवले की त्याच्या शेजारच्या कार्डांवरही काळ्या रेषा त्याच पट्ट्यात तुटल्या आहेत, म्हणजे काळ्या शाईच्या वाटेत काहीतरी आडवे आले होते. दोन्ही दोषच आहेत. पण दोन्हींना सूचीत जागा आहे, प्रतवारी कंपन्या त्यांचा लेबलवर उल्लेख करतात आणि लोक त्यांसाठी आयुष्यभर थांबतात. संग्राहकांच्या पिढ्यांनी ज्याला मान दिला त्याला दोष म्हणून खालच्या पंक्तीला बसवणे मला पटत नाही.

उलट १९५७ च्या हँक आरनचे कार्ड पाहा. निगेटिव्ह उलटी लागल्यामुळे तो डावखुरा दिसतो. ही चूक प्लेटवरची आहे, परंतु ती कधीच दुरुस्त झाली नाही, त्या वर्षीचे प्रत्येक आरन कार्ड तसेच आहे. मग इथे प्लेटवरची चूक असूनही भेद नाही.

शिळाछाप

आपले दुसरे उदाहरण मला मान्य आहे आणि त्याने माझी व्याख्या सुधारते. भेदासाठी किमान दोन रूपे हवीत. एकच रूप असेल तर ती नुसती चूक. हेरेराविषयी मात्र मी ठाम आहे. दोषाला मोल असू नये असे मी म्हटलेले नाही. दोषाला दोष म्हणून मोल द्यावे, म्हणजे विकत घेणाऱ्याला कळेल की अक्षर पूर्ण गेलेले, अर्धे गेलेले आणि किंचित पुसट झालेले असे सर्व टप्पे मिळणे शक्य आहे. आडवा आलेला तुकडा सरकत जातो, आणि छाप त्याच्याबरोबर बदलतो. प्लेटवरच्या दुरुस्तीला असे मधले टप्पे नसतात. ‘पूर्ण’ कुठे संपते आणि ‘अर्धे’ कुठे सुरू होते यावर पैसा अवलंबून असेल, तर ती रेघ आधी ठरलेली असावी.

पुठ्ठापेटी

मधले टप्पे ही खूण मला फार उपयोगाची वाटते. टॉप्सच्या १९६२ च्या संचात दुसऱ्या टप्प्यातली, म्हणजे ११० ते १९६ या क्रमांकांची कार्डे नेहमीच्या छपाईशिवाय आणखी एका, हिरवट छटेच्या छपाईतही निघाली; त्यांच्याबाबत हाच गोंधळ होतो. रंग उतरलेले किंवा शाई जास्त पडलेले कार्डही हिरवट दिसते, आणि मग प्रत्येक जण आपले कार्ड हिरव्या छपाईचे म्हणून विकतो. तिथे रंगावर विसंबू नये. हिरव्या छपाईसाठी काही फोटोच वेगळे वापरले गेले. १७४ क्रमांकाचा कार्ल विली एका रूपात टोपी घालून आहे आणि दुसऱ्यात बोडका. ज्यांत फोटो तोच आहे, तिथेही चित्राची चौकट किती कापली आहे ते मोजून पाहावे.

पोलर_बेअर

एडिसनकरांच्या मूळ प्रश्नाचा प्रतवारीचा भाग राहून गेला आहे, म्हणून लिहितो.

प्रतवारीच्या लेबलवर दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात आणि आपण त्या एकच समजतो. हे कार्ड कोणते आहे, ही एक गोष्ट. ते कोणत्या स्थितीत आहे, ही दुसरी. १ ते १० हा आकडा फक्त दुसऱ्या गोष्टीचा आहे. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या मधोमध आहे की नाही, एवढ्यावर तो ठरतो. डावी पट्टी दोन मिलिमीटर आणि उजवी तीन असेल, तर ते चाळीस-साठ झाले. ही मोजणी आपण घरी पट्टी घेऊन करू शकतो आणि करावी.

अडचण उभी राहते ती दोन्ही गोष्टी एकमेकींवर येतात तेव्हा. पीएसए ही प्रतवारी कंपनी काही दोषांसाठी आकड्यामागे अक्षरे लावते : मध्य साधला नसेल तर ‘ओसी’, डाग असेल तर ‘एसटी’, खुणा केल्या असतील तर ‘एमके’ आणि छपाईचा दोष असेल तर ‘पीडी’. आता कार्डावरची एक शाई कमी पडली आहे असे समजा. कंपनीच्या मान्य यादीत तो भेद म्हणून नोंदलेला असेल, तर लेबलवर त्याचे नाव येते आणि किंमत चढते. यादीत नसेल, तर तीच गोष्ट ‘पीडी’ होते किंवा आकडा खाली आणते. कार्ड तेच, शाई तीच. म्हणून लेबलवर नाव नसणे म्हणजे भेद नसणे असे नव्हे, आणि नाव असणे म्हणजे शेवटचा शब्द असेही नव्हे. कार्ड पाठवताना अर्जावर भेदाचे नाव आणि सूचीतला क्रमांक स्वतः लिहावा, कारण दिवसाला हजारो कार्डे पाहणाऱ्या तपासनिसाने दोन रूपे आठवून शोधावीत अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

आकड्यावरच्या श्रद्धेविषयी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. पीएसए १९९१ साली सुरू झाली आणि तिने पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र टी२०६ संचातल्या होनस वॅगनरच्या एका कार्डाला दिले, प्रत ८. ते कार्ड तेव्हा आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्यांचा भागीदार यांच्या मालकीचे होते. २०१३ साली लिलाव व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले की त्या कार्डाच्या कडा त्यांनी कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला नियमाप्रमाणे आकडा मिळतच नाही. म्हणून माझ्या टेबलावर पहिल्या दिवसापासून मिलिमीटरची पट्टी आणि त्याच संचातले एक फाटके पण न कापलेले कार्ड असते. नवे आलेले प्रत्येक कार्ड मी त्यावर ठेवून पाहतो.

डावखुरा

मकोव्हीवरूनच आठवले. एडिसनकरांना पांढऱ्या अक्षरांचे कार्ड नाही मिळाले तरी त्याच खेळाडूचा एक निर्विवाद भेद परवडण्यासारखा आहे. १९७३ च्या अखेरीस तो सॅन डिएगो पॅड्रेसकडे गेला. त्या वेळी तो संघ विकला जाऊन वॉशिंग्टनला जाणार हे जवळपास ठरले होते. टॉप्सने १९७४ चा सगळा संच प्रथमच टप्पे न पाडता एकदम काढायचे ठरवले होते, त्यामुळे छपाई लवकर सुरू झाली आणि पॅड्रेसच्या १५ कार्डांवर संघाच्या नावाच्या जागी ‘वॉशिंग्टन’ आणि ‘नॅशनल लीग’ छापले गेले. जानेवारीत मॅकडोनाल्ड्सचे रे क्रॉक यांनी संघ विकत घेतला, तो सॅन डिएगोतच राहिला आणि प्लेटा बदलल्या गेल्या. मकोव्हीचे २५० क्रमांकाचे कार्ड दोन्ही रूपांत मिळते. डेव्ह विनफील्डचे पहिले कार्डही याच संचातले, पण ते फक्त सॅन डिएगोच्या नावाने आहे. त्याचे वॉशिंग्टनचे रूप कोणी दाखवले तर दूर राहावे. हा भेद उन्हाने होत नाही आणि खरवडूनही साधत नाही.

एडिसनकर (धागाकर्ता)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज रविवार असल्याने सकाळी खिडकीपाशी बसून शिळाछाप यांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. बायकोच्या शिवणकामाचे भिंग अपुरे पडले, म्हणून शेजाऱ्यांच्या मुलाकडून दहा पटींचे भिंग आणले. डावीकडे कवचातले कार्ड, उजवीकडे त्याच क्रमांकाचे पिवळ्या अक्षरांचे, कोपरे झिजलेले साधे कार्ड.

प्रथम चेहरा पाहिला. साध्या कार्डात गालावर किरमिजी ठिपक्यांच्या मधोमध पिवळे ठिपके दाट आणि स्पष्ट आहेत. कवचातल्या कार्डात किरमिजी ठिपके फिके आहेत, निळे ठळक आहेत आणि पिवळे शोधावे लागतात. हनुवटीखालच्या सावलीत तेवढे थोडे दिसतात. गाल जांभळट वाटतो. हे मला पूर्वी कधी जाणवले नव्हते, कारण मी केवळ अक्षरे पाहत होतो.

त्यानंतर अक्षरे पाहिली. ती पांढरी नाहीत. दोन अक्षरांच्या कडांना, जिथे वर्तुळाचा रंग अक्षरावर किंचित चढला आहे, तिथे गव्हाच्या काडीसारखा फिका पिवळा अजून शिल्लक आहे. कार्डाची पांढरी चौकट आणि अक्षराचा आतला भाग शेजारी पाहिला तर दोन्ही पांढऱ्यांत फरक आहे. पुठ्ठा स्वच्छ आहे, अक्षर मळकट आहे.

कार्ड उन्हात राहिलेले आहे. कंपनीच्या तपासनिसांनी लेबलवर भेदाचे नाव घातले नाही ते बरोबर होते. विक्रेत्याला मी आजच सविस्तर लिहिले आहे आणि दोन्ही कार्डांचे भिंगातून घेतलेले फोटो सोबत जोडले आहेत. त्यालाही हे माहीत नसावे असे मला खरोखर वाटते. त्याने कार्ड परत घेतले नाही तर ते मी विकणार नाही. दोन्ही एकाच खोक्यात ठेवीन आणि कवचावर माझ्या हाताने ‘पिवळी शाई उडालेली’ अशी चिठ्ठी लावीन, म्हणजे माझ्यानंतर ज्याच्या हाती जाईल त्याला भिंग शोधावे लागणार नाही.

डावखुरा यांना एक विचारायचे आहे. १९७४ च्या त्या १५ कार्डांपैकी मकोव्ही सोडून आणखी कोणती तुमच्याकडे दुहेरी आहेत? पुढच्या महिन्यात इथे पुन्हा बाजार भरतो आहे आणि मला यादी सोबत न्यायची आहे.